पराटीमायची भिंत

भाकरीचा घास मोडता मोडता नरेंद्र सहज बोलून गेला, "नदीवरलं गोदाम सोमवारी पाडून राह्यले." भागिरथाची तव्यावरची भाकर तशीच राहिली आणि करपली.

"कोन पाडते?"

"नगरपालिका. इंजिनेराचा रिपोर्ट आला. पाया खचला म्हन्ते. रस्त्याकडून नदीकडं जमीन नऊ इंच खाली गेली. आता अभ्यासिका गेली उडत."

भागिरथा आधी हसली. अशी हसली की ठसका लागला, नातीनं पाणी आणून दिलं, ते पिताना पुन्हा हसली. "नऊ इंच! अरे बह्याडा, तो ढाळ हाय ढाळ! बांधणारानं मुद्दाम ठेवला. तुया साहेबाले सांग."

नरेंद्र नगरपालिकेत आवक-जावक सांभाळायचा. वीस वर्षं नोकरी झाली होती, वय सेहेचाळीस, आणि या माणसाला जगात दोनच गोष्टींची धास्ती होती. एक साहेबाची, दुसरी चारचौघांत सुटणाऱ्या आपल्या आईच्या तोंडाची. तो म्हणाला, "माय, साहेब पुरावा मांगन. तुयाजवळ हाय का पुरावा?"

भागिरथानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ही बाई बोलायची थांबली म्हणजे घरात काहीतरी अघटितच घडलं. नात धम्मदीपानं पुस्तकातून डोकं वर काढलं. पोरगी तलाठ्याच्या परीक्षेला बसणार होती, आणि दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, कुकर, शेजारच्यांचं भांडण यातून सुटायला रोज बस धरून मंगरूळपीरच्या अभ्यासिकेत जायची. जाऊन-येऊन तीन तास रस्त्यातच जायचे. नदीवरच्या गोदामात अभ्यासिका होणार म्हटल्यावर तिनं आपली खिडकीसुद्धा ठरवून ठेवली होती.

पुरावा होता हो! चांगला दगडाचा पुरावा होता. पण तो कुठं होता, ते सांगायचं तर सेहेचाळीस वर्षांपूर्वीची एक चोरी सांगावी लागणार होती, आणि त्याहून वाईट म्हणजे सगळ्या गावाचा एक चमत्कार पुसावा लागणार होता.

ते गोदाम म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या जिनाचं. जीन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे, पण सांगितलेलं बरं. धनजपासून मानोऱ्यापर्यंतचा कापूस बैलगाड्यांनी यायचा, रुई वेगळी व्हायची, दाबून तिच्या गठाणी बांधायच्या आणि नदीकाठच्या या लांबलचक दगडी गोदामात त्यांच्या थप्प्या लागायच्या. भागिरथा लग्न होऊन आली ती थेट जिनातच. नवरा इंद्रभान गठाणी उचलायचा, ही यंत्रात कापूस टाकायची. पोहरादेवीकडच्या तांड्यावरून दरसाल दिवाळी झाली की बायकांची टोळी यायची, त्यात रुपाबाई. दोघींची पहिल्या दिवशी पाण्याच्या मडक्यावरून भांडणं झाली आणि दुसऱ्या दिवसापासून दोघी एका डब्यात जेवायला लागल्या. होळीपर्यंत काम, मग रुपाबाई तांड्यावर परत. असं चौदा वर्षं चाललं. पुढं जीन बंद पडला, यंत्रं भंगारात गेली. गोदाम तेवढं राहिलं, कबुतरांना.

आता ती चोरी. रुईला आग लागली तर पाणी मारायचं, आणि मारलेलं पाणी तुंबून सगळा माल सडू नये म्हणून जमिनीला नदीकडं ढाळ होता. नदीकडच्या भिंतीत, अगदी जमिनीलगत, तीन मोऱ्या होत्या. हात घातला तर कोपरापर्यंत जाईल एवढ्या. पाणी त्यातून थेट नदीत. बांधणारा जुना सेठ शहाणा माणूस होता.

पण सेठच्या जिनात लेकुरवाळ्या बायका कामाला होत्या, याचा विचार काही त्यानं केला नव्हता. जिनात धूळ अशी की मोठ्या माणसाला दम लागायचा, मग लेकरं ठेवायची कुठं? मुनीम नजर चुकवायचा आणि बायका गोदामात, नदीकडच्या भिंतीला लुगड्याच्या झोळ्या बांधायच्या. तेवढीच जागा मोकळी. आणि जानेवारीत त्याच तीन मोऱ्यांतून नदीचं वारं असं यायचं की झोळीतलं लेकरू निळं पडायचं. नरेंद्र तेव्हा सहा महिन्यांचा. छाती घरघरायची. रुपाबाईची पोरगी त्याच्या शेजारच्या झोळीत.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोघींनी झाडलोटीचा कचऱ्याचा कापूस गोळा केला, नदीचा गाळ आणला आणि तिन्ही मोऱ्या गच्च बुजवून टाकल्या. वरून लिंपल्या. कोणाला पत्ता नाही. लेकरं झोपली, आया कामाला लागल्या.

फक्त एक गोष्ट दोघींच्या ध्यानात आली नाही. कचऱ्याच्या कापसात सरकी असते. कापसाच्या जिनात उभा जन्म काढणाऱ्या बायका, आणि सरकी म्हणजे बी हेच विसरल्या! आता बोला!

पावसाळ्यात त्या गाळातून बाहेरच्या बाजूला कपाशी, म्हणजे आमच्याकडची पराटी, उगवली. दसऱ्याला यंत्रांची पूजा करून मुनीमजी नदीकडं फुलं सोडायला गेले, तर काय, दगडी भिंतीतून पराटीची झाडं बाहेर आलेली, आणि त्यांना बोंडं फुटून पांढराशुभ्र कापूस लोंबतोय. मुनीमजींनी तिथंच लोटांगण घातलं. तेव्हाचा सेठ आला, नारळ फुटला, शेंदूर आला. भिंतीला लागून बाहेरून लांब ओटा बांधला गेला, त्यावर शेंदराचा दगड बसला आणि गावानं नाव ठेवलं पराटीमाय. झाडं काय, सुकली दोन महिन्यांत. माय राहिली.

दिवाळीनंतर रुपाबाई तांड्यावरून आली, गर्दी पाहिली, आणि तिनंही डोक्यावरून पदर घेऊन हात जोडले. भागिरथानं तिला कोपऱ्यात ओढलं. "अवं रुपे! तो तुयाच हातचा बोळा हाय ना वं!"

"मंग काय झालं?" रुपाबाई म्हणाली. "हात कोनं देल्ले? मायनंच." आणि तिनं मुलासाठी नवस बोलला. वर्षभरात सेवादास झाला. आता करा वाद.

भागिरथाच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतलेली. तो सांगायचा, हात जोडायच्या आधी मागं जाऊन पाहत जा. हिला मागं जाऊन पाहायचीही गरज नव्हती, हिला सगळं ठाऊकच होतं. पण बोलली असती तर दोघींचं काम गेलं असतं. आणि दरसाल उन्हाळा लागला की ती मनाशी घोकायची, आग लागली तर? मोऱ्या बंद आहेत, पाणी जाणार कुठं? आग लागली नाही. तिनं ती गोष्ट गिळली ती गिळलीच.

आता तीच गोष्ट गोदामाच्या जिवावर उठली होती. तिनं फोन लावला.

"रुपे, गोदाम पाडून राह्यले."

"पाडू दे. माये गुडघे दुखतेत."

"आपल्या मोऱ्यांपायी पाडून राह्यले. ढाळ हाय हे कोनाले मालूमच नाई. मोऱ्या दाखवल्या तं वाचन."

पलीकडं तिनं ओरडणाऱ्या शेळीला आधी दामटलं. मग रुपाबाई म्हणाली, "सकाळच्या गाडीनं येते. चहा कडक कर."

शनिवारी सकाळी दोघी गोदामात पोचल्या, तेव्हा इंजिनिअर शेवटची मापं घेत होता. देवानंद नाव, सव्वीस-सत्तावीसचा, पांढरं हेल्मेट, तीन पायांवरचं यंत्र. नरेंद्र फायली छातीशी धरून एका खांबाआड उभा होता. आईला पाहून तो पूर्णच खांबाआड गेला.

"हा काय तुमचा नऊ इंच?" भागिरथानं विचारलं.

"मावशी, इकडं येऊ नका, इमारत धोकादायक हाय."

"चौदा वर्सं आली मी इकडं. तवा तुया बापाचं लगन नोतं झालं. हा ढाळ हाय, लेका. आगीचं पानी जायासाठी."

पोरगा भला होता, हसला नाही. म्हणाला, "ढाळ असता तं पानी जायाले वाट असती. भिंतीत एक भोक नाई. पानी जाईन कोठी? म्हणून मी पाया खचला असं लिवलं." त्याचंही काही चुकलं नव्हतं म्हणा.

"वाट हाय," भागिरथा म्हणाली. "तीन मोऱ्या. आमीच बुजवल्या."

"कोठी?"

दोघींनी भिंतीकडं बोट केलं. भिंतीपलीकडं घंटा वाजली, कोणीतरी पराटीमायला नारळ फोडत होतं. देवानंदचा चेहरा पडला. "मावशी, देवीच्या ओट्याले हात लावला तं लोक मलेच नदीत फेकतीन. मी राठोड हाय, तांड्याचा. माह्या आईनं मले परीक्षेच्या येळी अथीच आनलं होतं."

"कोन्त्या तांड्याचा रे?" रुपाबाईनं विचारलं. त्यानं सांगितलं. "मंग तं तू माह्या मामाच्या गावचा निघाला!"

"हो याडी," तो बोलून गेला. तांड्यावर आईला असंच म्हणतात.

"याडी म्हन्तं ना? मंग चाल मांगं."

मागं ओट्यावर मंजू होती. सकाळी नारळ-फुलं विकायची, दुपारी चहा. ओट्याची झाडलोट तिच्या सासूपासून तिच्या घरात चालत आलेली. शनिवार असल्यामुळं वीस-पंचवीस बायाबापडे जमलेले. भागिरथानं ओट्याच्या पायरीवर उभं राहून सगळं सांगितलं. झोळ्या, वारं, कचऱ्याचा कापूस, सरकी, सगळं. जिनाचा मालक कधीच मरून गेला, तरी आपण आता पकडलो जाणार असं तिला उगाच वाटत होतं.

मंजूच्या हातातला नारळ हातातच राहिला. मग तिचा पारा चढला. "म्हंजे माय खोटी? माह्या सासूनं तीस वर्सं दिवा लावला तो तुमच्या कचऱ्याले?"

नरेंद्रनं खांब सोडून दारातून डोकावलं आणि डोळे मिटून घेतले. भागिरथाला वाटलं, संपलं. गोदामही गेलं आणि या बाईचं मनही दुखावलं. कशाला आपण तोंड उघडलं!

रुपाबाई गुडघे धरत ओट्यावर चढली. "खोटी कायची वं? बोळा म्याच कोंबला अन् नवसबी म्याच बोलला. पावली ना मले! माहा सेवादास काय कचऱ्यातून आला का? अवं, तीन भोकायपायी लेकरं मरून राह्यले होते. आमाले बुद्दी सुचली, लेकरं वाचले. ते जिनं सुचवलं ते माय. तिचं काम झालं. आता तिले म्हनाव, जराशी सरक, पोरीयले अभ्यासाले जागा पायजे."

"सरक म्हंजे?"

"हातभर. त्या लिंबाखाली. सावलीबी हाय. सेठनं बसवलं तथीच बसाव असं तिनं कोनाले सांगतलं?"

मंजू विचारात पडली. लोकही विचारात पडले. एका म्हाताऱ्यानं, सेठनं दगड बसवला तेव्हा तोही हजर होता म्हणे, मान डोलावून सांगितलं की लिंबाखाली ऊन कमी लागतं. भागिरथानं मध्येच जोडलं, "अन् मंजू, शंभर पोरी अथी अभ्यासाले बसल्या, तं चहा कोनाचा पेतीन वं?"

"चहासाठी नाई करत मी," मंजू फणकारली. पण फणकाऱ्यातला अर्धा जोर गेला होता. तिनं डोक्यावर पदर घेतला, नारळ फोडला, आणि दगडाला स्वतः पहिला हात लावला. मग काय, बाकीचे धावलेच. हळद-कुंकू, घंटा, "सरक माय सरक" असा गलका, आणि पराटीमाय लिंबाखाली जाऊन बसली. भागिरथानं हात जोडले नाहीत, पण दगडाला खालून टेका तिनंच दिला होता.

मग ओट्याचे दगड निघाले, आतून भिंतीची माती निघाली. देवानंदनं कुदळ स्वतः घेतली. पहिल्या मोरीत लोखंडी सळई घालून त्यानं ओढलं, आणि काळाकुट्ट, दगडासारखा झालेला कापसाचा बोळा बाहेर आला. रुपाबाईनं तो हातात घेऊन उलटसुलट केला. "पाह्य भागी, कसा घट्ट कोंबला व्हता म्या. आताच्या पोरीयले जमन का?"

"तो माहा हाय. तुया दुसरा."

"माहाच हाय!"

त्यावरून दोघी अशा भांडल्या की देवानंदनं दोन मोऱ्या तेवढ्यात उघडून टाकल्या.

घडीव दगडाच्या मोऱ्या होत्या त्या, तोंडाला नीट गोलाई दिलेली. देवानंद पालथा पडून मोजायला लागला. मोरीचा तळ आणि गोदामाची जमीन, अगदी एका पातळीत. वरच्या दगडाचे थर सरळ, कुठं तडा नाही. पाया खचला असता तर भिंतीतली मोरी आणि जमीन यांची अशी गाठ पडलीच नसती. तो उठून बसला, हेल्मेट काढलं, केसांतून हात फिरवला. "मावशी, हा ढाळ हाय."

"मी काय म्हनलं होतं?"

"तरी एक खेप पानी सोडून पाहू."

आता पाणी आणायचं कुठून? तर नगरपालिकेची आगीची गाडी. रवी नावाचा ड्रायव्हर, त्याला दिवाळीपासून एकही आग मिळाली नव्हती आणि तो कंटाळून गेला होता. नरेंद्रनं फोन केला, हो, नरेंद्रनंच केला, साहेबाला न विचारता! आणि दहा मिनिटांत भोंगा वाजवत गाडी दारात. भोंगा ऐकून अर्धं गाव गोळा झालं. धम्मदीपा मंगरूळपीरची बस सोडून पळत आली.

रस्त्याकडच्या दारातून पाण्याचा फवारा सुटला. कबुतरं उडाली. तीस वर्षांची धूळ, विष्ठा, पिसं सगळं घेऊन पाणी निघालं. कुठं थांबलं नाही, कुठं डबकं केलं नाही, आपली वाट पाठ असल्यागत सगळी जमीन ओलांडून नदीकडच्या भिंतीला आलं. तिथं क्षणभर फेसाळलं. भागिरथानं रुपाबाईचा हात दाबून धरला. आणि मग गुडगुड गुडगुड करत तिन्ही मोऱ्यांतून पाणी बाहेर पडलं, ओट्याच्या जागेवरून, थेट नदीत.

"गेलं! गेलं वं माय, गेलं!" रुपाबाई ओरडली, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तिथंच दोन फेर नाचली. पोरं पाण्यात घुसली. मंजूनं सगळ्यांना चहा दिला, पैसे घ्यायचे विसरली, मग आठवलं तेव्हा म्हणाली, राहू द्या आजच्या दिवस. धम्मदीपा ओल्या फरशीवरून जाऊन आपल्या खिडकीखाली उभी राहिली आणि तिनं तिथून आजीला हात केला. धुतलेली फरशी काळी, गुळगुळीत, सुंदर दिसत होती. भागिरथानं तिचा खरा रंग इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिला, एरवी तिच्यावर गठाणीच असायच्या. तिला रडू आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

देवानंद एका पायरीवर बसून रिपोर्ट नव्यानं लिहायला लागला. इमारत मजबूत. पाडण्याची शिफारस मागे. अभ्यासिकेस योग्य. मग तो थांबला. "मावशी, एक रकाना ऱ्हायला. मोऱ्या बंद काहून केल्या, ते लिवा लागते. काय लिहू?"

नरेंद्र पुढं सरकला. सवयच त्याची. "साहेब, लिवा ना, अज्ञात कारनानं."

"काहून अज्ञात?" भागिरथा म्हणाली. "लिही बेटा, लेकरायले थंडी लागत होती. दोघी बायायनं बुजवल्या. नावं लिही. भागिरथा इंद्रभान अन् रुपाबाई."

देवानंदनं वर पाहिलं. "कोनाचे लेकरं?"

"हिची पोरगी. अन् हा." तिनं नरेंद्रकडं बोट केलं. "सा महिन्याचा होता. छाती घरघरे. तथी, त्या मधल्या मोरीपाशी झोळी होती याची."

देवानंदनं मान खाली घातली आणि शब्द न शब्द लिहून काढला. जिनाच्या गोष्टी नरेंद्रनं आईकडून हजारदा ऐकल्या होत्या आणि हजारदा कंटाळला होता, पण ही त्याला कोणी सांगितली नव्हती. त्यानं हातातल्या फायली पायरीवर ठेवल्या. ओल्या फरशीवरून पँट वर धरत तो मधल्या मोरीपाशी गेला, सेहेचाळीस वर्षांचा माणूस, सगळ्यांदेखत खाली बसला आणि मोरीच्या तोंडाशी त्यानं तळहात धरला. नदीवरून जानेवारीचं वारं आत येत होतं.

"माय," तो म्हणाला, "लय गार लागते वं."

"ऊठ आता," भागिरथा म्हणाली, "नाई तं छाती धरन तुयी." आणि पदर पुढं घेऊन तिनं त्याचा हात पुसला.